पोर्टचा माल ट्रकवरून रेल्वे आणि बार्जवर न्यायचाय? मग कुठून सुरुवात करायची, ते सविस्तर

हे कुणासाठी लिहितोय ते आधी सांगतो. ज्यांचे महिन्याला वीस-तीस तरी कंटेनर पोर्टवरून येतात किंवा पोर्टला जातात, सगळे ट्रकने जातात, आणि आता मीटिंगमध्ये कुणीतरी वरून विचारलंय की "आपला माल रेल्वेने का नाही जात, नदीने का नाही जात", अशा लॉजिस्टिक्सवाल्यांसाठी. प्रश्न विचारणारा माणूस पाच मिनिटांत विसरतो, पण नंतर सहा महिने ते निस्तरायचं काम आपल्या गळ्यात येतं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. ट्रक तुमच्या चुका पोटात घालतो. कागद उशिरा आले, पॅकिंगला संध्याकाळ झाली, लोडिंगवाले जेवायला गेले, तरी ड्रायव्हरला एक फोन केला की तो रात्रभर गाडी हाणतो आणि सकाळी पोर्टच्या गेटवर उभा असतो. ट्रेन असं काही करत नाही. ती सुटली की सुटली, आणि बार्जचा (नदी-कालव्यातून माल नेणारी सपाट बोट) टर्मिनलवरचा स्लॉट हुकला तर गाठ थेट पुढच्या फेरीशी. त्यामुळे या कामात वाहन बदलणं तसं सोपंच आहे, खरं काम म्हणजे आपलं सगळं प्लॅनिंग दोन-तीन दिवस अलीकडे ओढायचं. ज्यांनी हे न करता नुसती दरपत्रकं मागवली त्यांचा माल तिसऱ्या महिन्यात परत ट्रकवर आलेला मी पाहिलाय, आणि त्यात एकदा मी स्वतःही होतो.

पायरी १: "अर्जंट" म्हणजे नक्की किती अर्जंट ते शोधा

मागच्या तीन महिन्यांचे सगळे कंटेनर एका शीटमध्ये घ्या. प्रत्येकासमोर जहाजावरून कधी उतरला, पोर्टच्या गेटमधून कधी बाहेर पडला, आपल्या आवारात कधी पोचला, सील कधी तोडलं आणि रिकामा कधी परत गेला, एवढ्या पाच तारखा टाका. सील तोडल्याची तारीख बहुतेकांकडे लिहिलेलीच नसते, ती स्टोअरच्या रजिस्टरमधून काढावी लागते, कंटाळवाणं काम आहे पण सगळा खेळ तिथेच आहे.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा ज्यांच्यासाठी आम्ही जादा पैसे देऊन रात्रीचा ट्रक लावला होता त्यातले कितीतरी कंटेनर आवारात तीन-तीन दिवस सीलसकट पडून होते. मंगळवारी सकाळी आला, शुक्रवारी दुपारी उघडला. पर्चेसवाल्याला विचारलं तर म्हणाला, "आला की जीवाला बरं वाटतं." घाई मालाची नव्हतीच, आणि असे सगळे कंटेनर बार्ज किंवा ट्रेनवर टाकायचे पहिले उमेदवार. एक्सपोर्टला उलट बघा, माल तयार कधी होता आणि जहाजाचा कट-ऑफ (कंटेनर पोर्टला द्यायची शेवटची वेळ) कधी होता, मधलं अंतर चार दिवसांच्या वर असेल तर तो कंटेनरही उमेदवार.

पायरी २: वजन आणि मालाचा प्रकार

पहिली फिल्टर लिस्ट झाली की मालाकडे बघा. जड माल रेल्वे-बार्जला चांगला हे सगळेच सांगतात, बरोबरही आहे, पण रेल्वेत एक मेख आहे ती कुणी आधी सांगत नाही. युरोपात सर्रास दिसणाऱ्या ६० फुटी चार ॲक्सलच्या वॅगनवर २० फुटी कंटेनर तीन बसतात, लांबीच्या हिशोबाने. पण ॲक्सल लोड २२.५ टन धरला तर वॅगनसकट एकूण ९० टन, त्यातून वॅगनचं स्वतःचं साधारण २० टन काढलं की मालाला राहतात ७०. तुमचे २० फुटी कंटेनर २८ टनांचे असतील तर तीन मिळून ८४ होतात, म्हणजे दोनच बसणार आणि तिसरी जागा रिकामी जाणार, आणि त्या रिकाम्या जागेचे पैसे ऑपरेटर या ना त्या नावाने तुमच्याकडूनच घेणार. म्हणून कोटेशन मागताना सरासरी वजन सांगू नका, वजनाचे गट करून सांगा: १५ टनांपर्यंत किती, २२ पर्यंत किती, त्यावर किती.

रीफर (माल थंड ठेवणारा कंटेनर) असेल तर ट्रेनमध्ये वीज कुठून येणार आणि बार्जवर प्लग किती आहेत हे लेखी घ्या. धोकादायक माल असेल तर युरोपात रस्त्याला एडीआर, रेल्वेला आरआयडी, अंतर्गत जलमार्गाला एडीएन असे वेगवेगळे नियम आहेत, समुद्राला पुन्हा आयएमडीजी वेगळा. कागद एकाच वेळी सगळ्यांना पुरतील असे करा, नाहीतर इनलँड टर्मिनलवर (पोर्टपासून आत, कंटेनर चढवा-उतरवायचा तळ) कंटेनर अडकतो. सुरुवातीच्या ट्रायलमध्ये तर हे दोन्ही प्रकार घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ३: नकाशा घेऊन बसा, पण फक्त अंतर मोजू नका

आपल्या आवारापासून ५०-६० किलोमीटरच्या आत कुठली इनलँड टर्मिनल आहेत ते बघा, रेल्वेची आणि पाण्याची दोन्ही. आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न दराचा विचारू नका, आठवड्याला फेऱ्या किती ते विचारा. आठवड्यातून एकदा जाणारी स्वस्त ट्रेन आणि पाचदा जाणारी थोडी महाग यात डोळे झाकून दुसरी घ्या, कारण पहिलीत एक फेरी चुकली तर आठवडा गेला.

लोक म्हणतात ३०० किलोमीटरच्या आत रेल्वे परवडत नाही. दोन्ही टोकांना ट्रक लागत असेल तेव्हा हा ठोकताळा बऱ्यापैकी लागू पडतो. पण पोर्टच्या मालात एक टोक धक्क्यावरच असतं, तिकडचा ट्रक वाचतो, त्यामुळे गणित बदलतं, आणि बार्जचं तर फारच बदलतं. नेदरलँडमधल्या आल्फन आन डेन रेनचं उदाहरण घ्या. तिथे २०१० साली कालव्याकाठी कंटेनर टर्मिनल सुरू झालं, जवळच्या झूटरवाउडच्या हायनेकेन ब्रुअरीची एक्सपोर्टची बिअर तिथून बार्जने रॉटरडॅम आणि अँटवर्पला जाते. रॉटरडॅम तिथून जवळच आहे, ट्रकवाल्याला तासा-दीड तासाचं काम, तरीही बार्ज चालते. कारण एकच, रोजचा ठरलेला मोठा माल देणारं एक गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून होतं आणि बाकीचे छोटे त्याच्या मागे आले. तुमचा माल थोडा असेल तर असं मोठं गिऱ्हाईक ज्या टर्मिनलला आधीच आहे त्याच्या पाठीला लागा, नवीन टर्मिनल उभं राहायची वाट बघत बसू नका.

पाण्याच्या बाबतीत तीन आकडे मागा: पुलाखालची उंची, पात्राची खोली आणि लॉकची (पाण्याची पातळी बदलून बोट पुढे सोडायचं दार) लांबी-रुंदी. युरोपातल्या ऱ्हाईन नदीवरची नेहमीची मोटरबार्ज ११० मीटर लांब आणि साधारण ११.४ मीटर रुंद असते, तिच्यात लांबीला १३, रुंदीला ४ आणि उंचीला ४ थर असे २०८ टीईयू (म्हणजे २० फुटी कंटेनर) बसतात. आता वाटेत एखादा पूल ७ मीटरचाच असेल तर तीनच थर, म्हणजे १५६. चार थरांना ९.१० मीटर लागतात, बेल्जियमने आल्बर्ट कालव्यावरचे पूल एकेक करून तेवढे उंच करायला घेतले ते यासाठीच. एका पुलामुळे बार्जचा पाव माल गेला की उरलेल्यांच्या वाट्याला खर्च वाढून येतो.

आणि एक गंमत, जी मला एका बार्जच्या कॅप्टनने सांगेपर्यंत माहीत नव्हती. भरलेले कंटेनर असले की बार्ज पाण्यात खोल बसते, पुलाखालून आरामात जाते. रिकामे असले की ती वर तरंगते आणि वरचा थर पुलाला लागायची भीती, म्हणून मग टाक्यांत पाणी भरून तिला मुद्दाम खाली बसवायचं. म्हणजे रिकामे न्यायला सोपे असं आपल्याला वाटतं, तिथे उलटच. नदीला पाणी चढलं की पुलाखालची जागा कमी होते, उतरलं की तळ लागतो, दोन्हीकडून मार.

पायरी ४: दारापासून दारापर्यंतचा हिशोब

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. ट्रकवाल्याचा दर म्हणजे जाणं-येणं, रिकामा परत देणं, सगळं धरून असतं. रेल्वेचा दर बहुतेक वेळा टर्मिनल ते टर्मिनल एवढाच. म्हणून तुलना करताना पाच ओळी मांडा: पोर्टवरची लिफ्ट (क्रेनने कंटेनर उचलायचा खर्च), मुख्य प्रवास, इनलँड टर्मिनलची लिफ्ट, शेवटचा ट्रक आणि रिकामा परत.

समजा ट्रकचा थेट दर १०० धरला (हे आकडे फक्त समजवायला). रेल्वेचं ६ + ४२ + ६ + २४ + १० असं मिळून ८८ होतं. १२ वाचले. रिकामा कंटेनर त्याच इनलँड टर्मिनलच्या डेपोत सोडायची परवानगी शिपिंग लाइनने दिली तर शेवटचे १० जातात आणि आकडा ७८ वर येतो. आता तुमचं गोडाऊन टर्मिनलपासून २० ऐवजी ८० किलोमीटरवर आहे असं धरा, २४ चे ४५ होतात, एकूण १०९, आणि रिकामा तिथेच सोडायची सोय नसेल तर प्रकरण तिथेच संपलं. मुख्य प्रवासाच्या दरावर घासाघीस करण्यात लोक महिने घालवतात पण निकाल लागतो तो बहुतेक वेळा शेवटच्या ट्रकवर आणि रिकाम्या कंटेनरवर. म्हणून शिपिंग लाइनशी पहिली बोलणी रिकाम्याची करा. त्याहून भारी म्हणजे त्याच कंटेनरमध्ये जवळच्या कुठल्यातरी एक्सपोर्टरचा माल भरून तो परत पाठवणं, दोघांचाही खर्च वाचतो, पण लाइन एकच हवी, कंटेनर स्वच्छ हवा आणि तारखा जुळल्या पाहिजेत, त्यामुळे दहात दोन-तीनदा जमलं तरी खूष राहा.

फ्री डेजचा (कंटेनर दंडाशिवाय ठेवायचे दिवस) हिशोब यातच घ्या. पोर्टच्या आत मुदतीपेक्षा जास्त पडला तर डेमरेज, बाहेर तुमच्याकडे जास्त राहिला तर डिटेन्शन. ट्रेनची वाट बघण्यात दोन दिवस गेले आणि डेमरेज लागलं तर वाचवलेले १२ कुठल्या कुठे जातात. म्हणून इनलँड टर्मिनलवर पोचल्यानंतर घड्याळ थांबतं का चालू राहतं हे लाइनकडून ईमेलवर घ्या, फोनवरच्या "होऊन जाईल" वर विसंबू नका.

पायरी ५: प्रवास कुणाच्या नावावर

शिपिंग लाइन पोर्टपुढचा प्रवासही स्वतः करत असेल तर ते कॅरिअर हॉलेज, तुम्ही केला तर मर्चंट हॉलेज. कॅरिअर हॉलेजमध्ये बिल ऑफ लेडिंगवरच (शिपिंग लाइनने दिलेली मालाची पावती) इनलँड टर्मिनलचं नाव येतं, कटकट कमी पण ताबा पण कमी, ते ट्रकने नेतात का ट्रेनने हे कधीकधी तुम्हाला नंतर कळतं. मर्चंट हॉलेजमध्ये ताबा तुमचा आणि डोकेदुखीही तुमचीच. इम्पोर्ट असेल तर खरेदीच्या अटी बघा, सप्लायरनेच तुमच्या दारापर्यंतचं भाडं भरलेलं असेल तर निर्णय त्याच्या हातात आहे आणि तुम्ही उगाच शीट रंगवताय.

कस्टम्सचं: माल पोर्टवर क्लिअर करायचा का इनलँड टर्मिनलवर, हे आपल्या क्लिअरिंग एजंटला आधीच विचारा. बाँडमध्ये (कस्टम्स क्लिअर व्हायच्या आधीच) पुढे नेता आला तर पोर्टवरचे दिवस वाचतात. एक्सपोर्टला व्हीजीएम म्हणजे भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं वजन १ जुलै २०१६ पासून सगळ्या जगात सक्तीचं आहे, ट्रकच्या काळात ते आपण शेवटच्या क्षणी पाठवायचो, ट्रेनला ते कंटेनर वॅगनवर चढायच्या आधी लागतं.

पायरी ६: कट-ऑफचं कॅलेंडर उलटं लिहा

भिंतीवर लावायचा कागद. सगळ्यात खाली जहाज सुटायची वेळ, त्यावर पोर्टचा कट-ऑफ, त्यावर ट्रेन किंवा बार्ज पोर्टला पोचायची वेळ, त्यावर एक मोकळा दिवस (हा दिवस कुणी कितीही मागितला तरी देऊ नका), त्यावर इनलँड टर्मिनलचा गेट बंद व्हायची वेळ, त्यावर आपलं लोडिंग संपायची वेळ आणि सगळ्यात वर रिकामा कंटेनर आणायची वेळ. हा कागद प्रॉडक्शनवाल्याला नुसता दाखवून भागत नाही, त्याच्याकडून सही घ्या. माझ्या पहिल्या प्रयत्नात हेच चुकलं होतं, टर्मिनलचा गेट संध्याकाळी सहाला बंद व्हायचा, आमची गाडी सव्वासहाला पोचली, ड्रायव्हरने गेटवरून फोन केला की आतली ट्रेन मला दिसतेय पण आत सोडत नाहीत. त्या एका कंटेनरसाठी मग थेट ट्रक लावला, टर्मिनलची बुक केलेली जागाही भरली आणि महिन्याची बचत एका संध्याकाळी उडाली.

पायरी ७: माल भरायची पद्धत बदला

ट्रकमध्ये झटका मुख्यतः पुढे बसतो, ब्रेक लागला की. रेल्वेत शंटिंगमध्ये, म्हणजे डबे जोडताना, झटके पुढून आणि मागून दोन्हीकडून येतात. आयएमओ, आयएलओ आणि युनेसीई या आंतरराष्ट्रीय संस्थांचा २०१४ चा सीटीयू कोड (कंटेनर-वॅगनमध्ये माल भरायची नियमावली) आहे, त्यात रस्त्यासाठी पुढच्या दिशेला ०.८ जी (म्हणजे मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर) आणि मागच्या दिशेला ०.५ जी धरायला सांगितलंय, रेल्वेला मात्र दोन्ही दिशांना सारखंच धरायचं, कंटेनर ट्रेनला ०.५ आणि क्षणभराच्या झटक्यांना १.० जीपर्यंत. साध्या भाषेत, दरवाज्याच्या बाजूला जी मोकळी जागा आपण सोडून देतो ती इथे चालत नाही, दरवाज्याकडूनही अडवण लागते, लाकूड, एअरबॅग, पट्टे जे काय असेल ते. तसंच वजन एका बाजूला गेलं तर ट्रकवाला शिव्या देत का होईना घेऊन जातो, वॅगनवर असा तिरका कंटेनर तपासणीत सापडला तर उतरवून ठेवतात. लोडिंग करणाऱ्या पोरांना एकदा टर्मिनलवर नेऊन शंटिंग दाखवा, तो आवाज ऐकला की वेगळं ट्रेनिंग लागत नाही.

पायरी ८: ट्रायल

एकच मार्ग, एकच टर्मिनल, एकूण मालाच्या दहा ते वीस टक्के, आठवड्याचा ठरलेला वार, किमान दहा आठवडे. पहिल्याच महिन्यात सगळा माल हलवायचा मोह होतो कारण ऑपरेटर व्हॉल्यूमवर दर कमी करतो. आवरा. मात्र जेवढा कबूल केलाय तेवढा दर आठवड्याला द्या, या आठवड्यात दहा आणि पुढच्या आठवड्यात शून्य असं केलं तर तुम्हाला जागाही मिळणार नाही आणि दरही.

बार्जवाल्यांना पोर्टमध्ये जे भोगावं लागतं ते समजून घ्या म्हणजे उशीर झाल्यावर उगाच त्यांच्यावर ओरडणार नाही. एकच बार्ज मोठ्या पोर्टमध्ये पाच-सहा टर्मिनलवर थांबते, कुठे चार कंटेनर, कुठे सहा. क्रेन एकच आणि धक्क्याला समुद्री जहाज लागलं की पहिला मान त्याचा, बार्ज वाट बघत उभी. त्यामुळे एका टर्मिनलवर एका खेपेला जास्तीत जास्त कंटेनर उचलता येतील असं बघा, म्हणजे शक्य तितका माल एकाच टर्मिनलला लागणाऱ्या लाइनने बुक करा. हे बुकिंग करणाऱ्या माणसाला कधी कुणी सांगितलेलंच नसतं.

पायरी ९: पाणी आटलं, रूळ बंद झाला तर

हे होतंच. ऱ्हाईनवर काउब नावाचं ठिकाण आहे, तिथल्या गेजवर (पाण्याची पातळी दाखवणारी मोजपट्टी) सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये ते २५ सेंटिमीटरवर आलं होतं. गेज म्हणजे नदीची खोली नव्हे, जहाजाच्या वाटेत तिथे गेजपेक्षा एक मीटरहून थोडं जास्त पाणी असतं, पण तेवढ्यात बार्ज पूर्ण भरून जाऊच शकत नाही, निम्माही माल जात नाही. अशा वेळी कमी पाण्याचा अधिभार लागतो, त्याचा तक्ता करारातच असतो, आणि ठरावीक पातळीखाली माल न्यायचं बंधनच नाही अशीही ओळ असते. सही करायच्या आधी ती ओळ शोधा.

रेल्वेचं म्हणाल तर १२ ऑगस्ट २०१७ ला जर्मनीत राश्टाटजवळ बोगद्याचं काम चालू असताना वरचे रूळ खचले आणि ऱ्हाईनच्या खोऱ्यातली ती मुख्य लाइन २ ऑक्टोबरपर्यंत बंद होती. वळणाचे मार्ग होते, पण तो मार्ग माहीत असलेले आणि तिथली भाषा येणारे ड्रायव्हर पुरेसे नव्हते, म्हणजे रूळ असून ट्रेन नाही. तेव्हा फ्रेट ऑपरेटरला विचारायचा प्रश्न: मुख्य लाइन बंद पडली तर पर्यायी मार्गावर तुमचा करार आणि माणसं आहेत का? बघा काय उत्तर येतं ते.

बुकिंग "कुठल्याही वाहनाने, अमुक तारखेपर्यंत पोचवा" अशा पद्धतीने घेणारे ऑपरेटर मिळतात, ते मिळाले तर उत्तम. पाणी कमी झालं की ते स्वतःच ट्रेनवर टाकतात आणि तुम्हाला फक्त कळवतात.

पोर्टच्या बाजूने काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात. रॉटरडॅमने मासव्लाक्तेच्या (समुद्रात भराव टाकून केलेला पोर्टचा भाग) कंटेनर टर्मिनलसाठी लक्ष्य ठरवलं ते असं की २०३५ पर्यंत जमिनीकडे जाणाऱ्या मालातला रस्त्याचा वाटा ३५ टक्क्यांवर आणायचा, २० टक्के रेल्वे आणि ४५ टक्के जलमार्ग. नुसतं पत्रक काढलं नाही, टर्मिनलच्या करारांतच ते घातलं. १६० किलोमीटरची फक्त मालगाड्यांची बेटूवे लाइन २००७ ला सुरू झाली होतीच. अमेरिकेत लॉस एंजेलिस आणि लाँग बीच पोर्टसाठी २००२ मध्ये आलामीडा कॉरिडॉर झाला, ३२ किलोमीटरचा, आणि रस्ता-रूळ एकमेकांना छेदणारी सुमारे २०० ठिकाणं त्यामुळे सुटली. पैसा लागतो, वर्षं लागतात. पण बार्जला ठरलेली वेळ देणं, छोट्या खेपा एकत्र करणं, रात्रीचा गेट उघडा ठेवणं हे उद्यापासून करता येतं आणि तेच होत नाही.

पायरी १०: काय मोजायचं

तीनच गोष्टी. ठरलेल्या दिवशी पोचलेल्या कंटेनरची टक्केवारी (वेगाची नाही, शब्द पाळण्याची), दारापासून दारापर्यंतचा खरा खर्च डेमरेज-डिटेन्शन धरून, आणि किती वेळा ट्रककडे परत पळावं लागलं. कार्बनचा आकडा मॅनेजमेंटला हवा असेल तर २०२३ च्या आयएसओ १४०८३ (वाहतुकीचा कार्बन मोजायचं आंतरराष्ट्रीय मानक) पद्धतीने काढा आणि त्यात शेवटचा ट्रक आणि रिकामा प्रवासही धरा, नाहीतर ऑडिटवाला पहिलाच प्रश्न तो विचारतो.

आणि जुन्या ट्रान्सपोर्टरला तोडू नका. लांबचं भाडं गेलं म्हणून तो चिडणार, साहजिक आहे. पण टर्मिनल ते गोडाऊन हे रोजचं काम कुणीतरी करायचंच आहे, दिवसाला दोन-तीन फेऱ्या होतात, ड्रायव्हर रात्री घरी असतो. तेव्हा हे काम बाहेर काढायच्या आधी पहिला फोन त्याला करा, तुमचं गेट कुठल्या बाजूने वळतं, वजनकाटा किती वाजता बंद होतो, कुठल्या धक्क्याला चाळीस फुटी लागत नाही, हे सगळं त्याच्या ड्रायव्हरांना पाठ असतं.